कावेरीअक्काची एकेरी गाठ

माझ्या गळ्यातली काळी पोत वर्षातून दोन-तीनदा तरी तुटायची. तुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, असं गल्लीतल्या बायका मला दर वेळी बजावायच्या. वाढो नाहीतर तुटो, मणी घरभर सांडायचे ते सांडायचेच. पिठाच्या डब्यात मणी, गादीखाली मणी, एकदा तर आनंदराजच्या डब्यातल्या भेंडीत मणी. आनंदराज म्हणजे माझा नवरा, शाळेत मास्तर आहे. तो म्हणाला, तू इतक्या तावातावानं मान हलवतेस, तुझ्या गळ्यात लोखंडी साखळीसुद्धा टिकायची नाही. राग माझ्या नाकावर असतो हे खरं आहे, पण त्यात मानेचा काही दोष नव्हता. दोष कुणाचा होता ते मला फार उशिरा कळलं.

देगलूरला आमच्या घरासमोर कावेरीबाई राहते. गल्लीत मराठी बोलणारे, तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे सगळेच आहेत आणि सगळेच तिला अक्का म्हणतात. रस्त्याकडच्या खोलीत तिचं दुकान आहे. एका भिंतीला लोकरीचे गुंडे, दुसऱ्या भिंतीला मण्यांच्या बरण्या, मध्ये सतरंजी आणि सतरंजीवर ती. बाळाची टोपरी, मोजे, छोटे स्वेटर ती सुयांवर विणते. मोत्यांच्या माळा, कानातले, दारावरची मण्यांची तोरणं करते आणि बायकांच्या पोती ओवून देते. देगलूरच्या उन्हाळ्यात मांडीवर लोकर घेऊन बसणारी बाई जिल्ह्यात दुसरी नसेल.

तिचा नवरा लक्ष्मणराव ट्रकवर होता. हिमायतनगरला त्यानं दुसरा संसार मांडला आणि इकडं येणं हळूहळू बंद केलं. मूलबाळ नव्हतं. अक्कानं विणकाम शिवणक्लासच्या बाईंकडून उचललं होतं, आणि पोत ओवायची ती बाजारातल्या एका म्हाताऱ्या पटवेकऱ्याकडून शिकली, त्याला दिसेनासं झालं तेव्हा. नवरा हयात म्हणून ती सवाशीण, आणि सवाशीण म्हणून तिच्या हातची पोत बायकांना चालते. तो नांदतो कुणाकडं हे कुणी विचारत नाही. या हिशेबाचा मला आजही संताप येतो.

अक्काची काम करायची एक तऱ्हा होती. टोपरं विणायला सांगितलं की बाळाला आधी मापाला आणायचं. मग अर्धं विणून झालं की पुन्हा आणायचं, कारण बाळाचं डोकं वाढतं. मग कानाची पट्टी लावायच्या आधी पुन्हा. माझ्या धाकट्याच्या वेळी मी वैतागून म्हटलं होतं, अहो अक्का, डोकं आहे की भोपळा, रोज किती वाढणार? ती हसली आणि म्हणाली, बघावं लागतं. तिचे डोळे एका नजरेत माप घ्यायचे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी आम्ही पोरं काखोटीला मारून जायचो. एकदा गेलं की चहा व्हायचाच, आणि चहाला नाही म्हणायची सोय नव्हती.

पोतीचं तर विचारूच नका. पोत ओवून होईपर्यंत सवाशिणीचा गळा मोकळा राहू नये, म्हणून अक्काकडं हळकुंड बांधलेले दोरे तयार असायचे. एक दोरा गळ्यात घालायचा आणि पोत हातात येईपर्यंत तिथंच बसायचं. हळकुंड गळ्यात घेऊन रस्त्यानं कोण जाणार? आम्ही बौद्ध, आमच्यात या हळकुंडाचं काही नाही. पोतसुद्धा मी हौसेनं घालते, सक्ती नाही. मी मोकळ्या गळ्यानं घरी गेले असते तरी आभाळ कोसळलं नसतं. पण अक्का म्हणायची, बसा हो प्रियाबाई, आताच होतंय. माझं नाव बुद्धप्रिया, पण तिनं त्याचं प्रियाबाई करून टाकलं होतं. ते आताच म्हणजे निदान तासभर. तेवढ्यात ती माझ्या पंचायत समितीतल्या साहेबांची, सासूच्या गुडघ्यांची, पोरांच्या परीक्षांची सगळी चौकशी करायची. स्वतःचं काही सांगायची नाही. पोत दुसऱ्यांदा ओवायचे पैसेही कधी घ्यायची नाही, आणि त्यामुळं मला भांडायला जागा उरायची नाही.

दिवाळीतही तिचं दार उघडं असायचं. त्या दिवशी कोण येणार पोत घेऊन? ती आपली उंबऱ्याजवळ सुया घेऊन बसलेली असायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडं बघायची. मी फराळाचं ताट पाठवून द्यायचे. स्वतः जावं असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

तिचं रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस यायचं. लातूरच्या भावाची मुलगी, दीपाली. लहानपणापासून ती सुट्टीला आत्याकडं येई. कॉलेज झाल्यावर तिनं एका भेटीत अक्काच्या टोपऱ्यांचे आणि माळांचे फोटो काढले, फोनवर टाकले, आणि बघता बघता पुण्याहून, संभाजीनगरहून मागण्या यायला लागल्या. माल कुरियरनं जायला लागला. अक्काकडं कूलर आला, मण्यांच्या बरण्या वाढल्या. आम्हा सगळ्यांना वाटलं, बाईचे दिवस फिरले.

अक्कानं मात्र दीपालीला एकच विचारलं, ह्या बायका मापाला येणार न्हाईत का? दीपाली हसून लोटपोट झाली. म्हणाली, आत्या, पुण्याची बाई टोपऱ्याच्या मापाला देगलूरला येईल का? ती वय कळवते, आपण पाठवायचं. एकच लक्षात ठेव, गेलेला माल परत येता कामा नये. अक्कानं सुया पुन्हा हातात घेतल्या. मी तिथंच होते, अर्थातच पोत घेऊन.

आणि मग एक माळ तुटली. लातूरच्याच कुणा बाईनं घेतलेली मोत्यांची माळ, ऐन बारशात, पाहुण्यांच्या देखत तुटली. मोती पाळण्याखाली गेले. त्या बाईनं फोनवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, आणि दीपालीनं आत्याला फोन करून चांगलंच फैलावर घेतलं. माझी पोत त्या दिवशी पुन्हा अक्काच्या हातात होती. फोन संपला. अक्का खाली मान घालून मणी ओवत राहिली, आणि माझी नजर तिच्या गळ्याकडं गेली. तिची पोत इतकी जुनी होती की मण्यांचा काळा रंग विटला होता. पण ती पोत तिनं कधी उतरवून ओवायला घेतल्याचं इतक्या वर्षांत मला आठवेना.

मी विचारलं, "अक्का, तुमची कशी कधी वाढत नाही?"

तिनं दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "माझी दुहेरी गाठ हाय. वर मेण लावून टोक मण्यात परत ओवलेलं हाय."

"आणि आमची?"

"तुमची एकेरी."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. इतकी वर्षं आम्हा बायकांना खेळवलंत, कुणाच्या लग्नात, कुणाच्या डोहाळजेवणात पोत तुटली, सासवांनी अपशकुन म्हणून घरं डोक्यावर घेतली, आणि तुम्ही इथं बसून एकेरी गाठी मारत होता! असं बरंच काही मी बोलले. त्यातलं बरंचसं खरंही होतं. अक्कानं सगळं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "पक्की बांधली तर तुमी कशाला येताल, प्रियाबाई?"

मी म्हटलं, "आणि स्वतःची बरी पक्की ठेवलीत."

"माझी सैल ठिवून मी कुणाकडं जाऊ?"

हे ती रडून वगैरे बोलली नाही. लोकर संपली, आणावी लागेल, असं सांगावं तसं बोलली. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. घरी आल्यावर मी हे कुणाला, अगदी आनंदराजलाही, सांगितलं नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात दीपालीचं लग्न ठरलं. मुलगा बंगळूरला नोकरीला. भावानं निरोप धाडला की पोत आत्याच्याच हातची घालायची. गल्लीतल्या बायकांनी कौतुक केलं. मला मात्र काळजी लागली. दीपाली हे अक्काचं एकुलतं येणं-जाणं होतं, आणि ते आता बंगळूरला चाललं होतं. अक्काच्या हाताला एकेरी गाठीची सवय होती. आणि नव्या नवरीची पोत सासरी चार महिन्यांत तुटली की लोक काय बोलतात, हे मला चांगलं माहीत होतं. माझं काही अडलं नव्हतं, तरी ऑफिसातून अर्धी रजा घेऊन मी समोर गेले.

अक्कानं ताटात मणी मांडले होते. काळे वेगळे, सोन्याचे वेगळे, मध्ये दोन वाट्या. मी बसले. ती ओवत गेली. शेवटी दोन्ही टोकं एकत्र आणली आणि गाठ मारली. एकेरी. पोत ताटात ठेवली आणि उठून चहा टाकायला गेली.

चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत वाढंल ही. मग ती येईल. दुसऱ्या कुणाकडं द्यायची न्हाई ती."

मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. चहा प्यायला लागले. अक्कानं आपला कप तसाच ठेवला होता. खूप वेळ ती त्या पोतीकडं बघत बसली.

"सासरी वाढली तर लोक तिलाच बोल लावतील," ती म्हणाली, आणि सुई घेऊन तिनं गाठ सोडवायला सुरुवात केली.

मग तिनं दुहेरी गाठ मारली. मेणबत्ती पेटवून गाठीवर मेण सोडलं, बोटानं दाबलं, टोकं मण्यांतून मागं ओवून घेतली. दोन्ही हातांत धरून पोत ताणून बघितली, पुन्हा एकदा ताणली. गाठ हलली नाही. "आता न्हाई येत ती," ती म्हणाली आणि थंड झालेला चहा एका घोटात प्यायली.

अक्का लग्नाला लातूरला जाऊन आली. पोत पोरीला शोभली, एवढंच तिनं सांगितलं. दीपाली बंगळूरला गेली. सुरुवातीला फोन यायचे. मग तिलाही नोकरी लागली, मग फोन सणाला यायला लागले. फोटो टाकणारं कुणी नव्हतं, तेव्हा बाहेरगावच्या मागण्याही थांबल्या.

आणि त्या दिवसापासून अक्कानं एकेरी गाठ सोडूनच दिली. गल्लीतल्या मल्लम्माची पोत पक्की, सुमनबाईची पक्की, माझीही पक्की. टोपऱ्यासाठी बाळाला एकदाच आणा म्हणायला लागली. बायका खूश होत्या. अक्काच्या हाताला आता गुण आला, म्हणायच्या, आणि गुण आल्यामुळं तिच्याकडं जायचं त्यांना कारण उरलं नाही. जाणूनबुजून कुणी टाळलं नाही. ज्याचा त्याला संसार असतो, काम नसलं की पाय वळत नाही.

माझी पोतही वर्षभर टिकली. पिठात मणी नाहीत, भेंडीत मणी नाहीत. सकाळी ऑफिसला निघताना अक्का उंबऱ्याजवळ दिसायची, संध्याकाळी परतताना तिथंच दिसायची. मला तिचा राग यायचा, पोतीचा राग यायचा, आणि सगळ्यात जास्त माझा यायचा. समोर जायला दहा पावलं लागत नाहीत. पण कारण नसताना कुणाच्या दारात जायचं म्हणजे काय बोलायचं, हेच मला ठाऊक नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फराळाचं ताट भरलं आणि पोराच्या हाती न देता मी स्वतःच घेऊन गेले. मला बघून अक्कानं सवयीनं सुईची डबी पुढं ओढली.

"वाढली का?"

"नाही. अशीच आले."

तिला काय करावं ते कळेना. तिनं सतरंजी झटकली, डबी बाजूला ठेवली, पुन्हा जवळ घेतली. आम्ही चकल्या खाल्ल्या. मी साहेबांच्या बदलीचं सांगितलं, सासूच्या गुडघ्यांचं सांगितलं. तिनं दीपालीचा फोन आला होता म्हणून सांगितलं, आणि थोड्या वेळानं तेच पुन्हा सांगितलं. मी जायला उठले.

"बसा जरा," ती म्हणाली. "पोत काढा."

मी पोत काढून दिली. तिनं माझ्या गळ्यात हळकुंडाचा दोरा घातला आणि मी तो घालू दिला. मेण धरलेली गाठ सुटता सुटेना. सुईच्या टोकानं ती कितीतरी वेळ उकरत राहिली. सुटल्यावर टोकं सरळ केली आणि पुन्हा बांधली. मेणबत्तीला तिनं हात लावला नाही. टोकं मागं ओवली नाहीत. पोत माझ्यासमोर धरली तेव्हा तिची नजर माझ्याकडं नव्हती. मी ती गळ्यात घातली आणि उगीच मान हलवली नाही.

घरी आले तेव्हा आनंदराज पणत्या लावत होता. त्यानं माझ्या गळ्यात राहून गेलेलं हळकुंड बघितलं आणि विचारलं, पुन्हा तुटली की काय?

"अजून नाही," मी म्हटलं.