ठिपक्यापाशी बंद पडणारी सीडी

११ जुलै १९९९, रविवार. अष्टमी गावातला माझा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास. हजर: मी, हमरापूरहून आलेली माझी भाची आणि तिचा काका. गैरहजर: भाचीचे आईवडील, म्हणजे माझी अक्का आणि भाऊजी. भाऊजींना अर्धांगाचा झटका आल्यापासून अक्काला घर सोडता येत नव्हतं.

काम एकच होतं. एका सीडीवरची फिल्म उघडायची.

भाऊजींचा हमरापूरला गणपतींचा कारखाना. माती, साचे, रंग हे घरातले सगळेच करत, डोळ्यांची आखणी मात्र भाऊजी एकटे करत. त्यांच्या गणपतीसमोर कुठेही बसलं तरी तो आपल्याकडेच बघतो, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि त्या नजरेसाठीच परत येत. आता उजवा हात गेला होता, वाचाही गेली होती. आखणी भाचीला करायची होती आणि समोर ठेवून शिकायला भाऊजींचा एकही गणपती शिल्लक नव्हता. राहणार कसा? दर वर्षी सगळे पाण्यात जातात. फोटोतला डोळा तांदळाच्या दाण्याएवढा. आधार होता तो फक्त या सीडीचा. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने आदल्या वर्षी आखणी चालू असताना कॅमेरा लावला होता आणि त्यांच्या मुलाने त्याची सीडी करून पाठवली होती.

आता काकाबद्दल. हा भाऊजींचा धाकटा भाऊ, त्याचा कारखाना भिंतीला भिंत लागून. भाऊजी दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी तो अक्काला म्हणाला होता, "वहिनी, डोळं मी आखून देतो, कशाला घोर लावून घेता?" अक्काने नको म्हटलं. डोळे ज्याच्या हातचे, गिऱ्हाईक त्याचं, हे ती ओळखून होती. आणि ही सीडी अष्टमीला आणली कोणी? त्यानेच. आदल्या संध्याकाळी मागून घेऊन स्वतःच्या घरी ठेवली, का तर म्हणे सकाळची एसटी चुकायला नको. हे कारण मला ऐकल्या क्षणीच पटलं नव्हतं.

मी सीडी घातली, फाइलवर माऊस दाबला. प्लेअर उघडला, काळी चौकट आली आणि लगेच इंग्रजी पाटी. मी ती मराठीत वाचून दाखवली: या प्रोग्रामने बेकायदेशीर काम केलं आहे, तो बंद करण्यात येत आहे.

"बेकायदेशीर?" काका हसला. "आता काय पोलीस येतात काय?"

"केलं कोणी ते करणाऱ्यालाच ठाऊक," भाची पडद्याकडे बघत म्हणाली.

"माझ्याकडं बघून बोल गो."

"तुझ्याकडं नाय बघत. बघितलं तर माझंपण डोळं आखायला घेशील."

मी दोघांना गप्प केलं. बिघाड शोधताना माझा एक नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्याच प्लेअरमध्ये गाणं लावलं, वाजलं. क्लासमधली दुसरी फिल्म लावली, चालली. तरी प्लेअर काढून पुन्हा बसवला, मशीन बंद करून चालू केलं. भाऊजींची फाइल उघडायला गेलं की तीच पाटी. फाइल हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी म्हटलं, तर निळी पट्टी शेवटाकडे जाऊन अडकली. म्हणजे प्लेअर निर्दोष, मशीन निर्दोष. राहिली सीडी.

ती खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरली. चकचकीत बाजूला बाहेरच्या कडेजवळ एक धुरकट पट्टा दिसला. ओरखडा नव्हता तो. ओरखडा चुकून पडतो. हे घासलेलं होतं, हलक्या हाताने, एकसारखं. असं घासणं मी कारखान्यात शेकडो वेळा पाहिलं आहे. रंग देण्याआधी गणपतीच्या गालावर बारीक पॉलिश पेपर असाच फिरवतात.

मी काकाकडे पाहिलं.

"काय ताई, असं काय बघता? मी पिशवी उघडलीसुदिक नाय."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुमचं तोंड बोलतंय ना."

चहा पिऊन येतो म्हणून तो पुलाकडे निघून गेला. चहाची टपरी माझ्या दारात होती, पुलापर्यंत जायचं कारण काय?

क्लासमध्ये एक जुनं मशीन होतं. त्याचा सीडी ड्राइव्ह मंद, मुलं त्याला हातही लावत नसत. म्हटलं, घाईत न वाचता येणारं कदाचित सावकाश वाचता येईल. सीडी तिथे घातली. ड्राइव्ह बराच वेळ कुरकुरला आणि पडद्यावर भाऊजींचा हात आला. चित्र धक्के खात होतं, पण हात तोच. एका दमात वरची पापणी. मग खालची. मग बुबुळ. मग कुंचला पांढऱ्या रंगात बुडाला, डोळ्याकडे आला, आणि पाटी. बंद.

राहिला होता तो पांढरा ठिपका. बुबुळावर तो कुठे पडतो यावर सगळी नजर. जागा जरा चुकली की देव भलतीकडेच बघतो.

पुन्हा लावली, पुन्हा तिथेच बंद. भाची दर वेळी कुंचला घेऊन पुठ्ठ्यावर हातासोबत हात फिरवत होती. तेवढ्यात काका परत आला आणि दारातच थांबला. "परत लाव," एवढंच म्हणाला. मी लावली. तो डोळ्याची पापणी न हलवता बघत राहिला. भावाचा हात बघत होता की आखणी उचलत होता, मला ठरवता येईना. मी पडदा बंद केला.

पुण्याला फोन केला. मूळ कॅसेटवर नातवाची मुंज घेतली होती आणि मुलगा त्याच्या कॉम्प्युटरसकट परदेशी गेला होता.

पुढच्या रविवारी मी वडखळवरून पेण आणि तिथून हमरापूर गाठलं. घासलं कोणी, हे सगळ्यांसमोर विचारायचं ठरवूनच गेले होते. काकालाही बोलावून घेतलं. आधी भाऊजींना समजावं म्हणून सीडी त्यांच्यासमोर धरली आणि पट्टा दाखवला. त्यांनी ती डाव्या हातात घेतली, उजेडात धरली. माझ्या बोटाचा डाग पडला होता त्यावर. त्यांनी सीडी मांडीवर ठेवली, उशीखाली चाचपून झिजलेल्या पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि डाग घासायला लागले. हलक्या हाताने, एकसारखं.

"अहो!" अक्का ओरडली. मी सीडी ओढून घेतली.

मग अक्काला आठवलं. सीडी आली त्या दिवशी तिचे हात रंगाचे होते आणि कडेला तिचा अंगठा उमटला होता. सीडी पाकिटात घालायच्या आधी बराच वेळ भाऊजींजवळ होती. नुसती न्याहाळतायत असं तिला वाटलं. डाग दिसला की पॉलिश पेपर, जन्मभर हेच केलेला माणूस.

काका दाराला टेकून उभा होता. "आता कोणाकडं बघायचं, ताई?"

"ते झालं. पण मग त्या रात्री सीडी तुमच्या घरी कशाला?"

"एसटी सकाळची होती."

उत्तर तेच. अजूनही मला ते पुरतं पटलेलं नाही.

भाचीने पापण्या आणि बुबुळ फिल्मबरहुकूम उचललं. ठिपक्यासाठी ती भाऊजींसमोर एकेक मुखवटा धरायची, ठिपका द्यायची, ते मान हलवायचे: नाही. ती पुसायची, जरा सरकवून पुन्हा द्यायची. पुन्हा नाही. एका मुखवट्याला त्यांनी मान हलवली नाही, डोळे मिटून घेतले.

"मावशी, ह्यो होकार की कंटाळा?"

"तू घरात असतेस, तूच सांग."

"मला तर कंटाळाच वाटतो."

पण तोच ठिपका तिने धरला, आणि त्या चतुर्थीला सगळे गणपती त्याच नजरेने घरोघरी गेले. पुढच्या वर्षी काही गिऱ्हाइकं परत आली, काही भिंतीपलीकडे गेली. का गेली, हे कोणी तोंडावर सांगत नाही.

सीडी माझ्याकडे आहे, मऊ कापडात गुंडाळून. क्लासला नवं मशीन आलं की पहिल्यांदा तीच घालते. पापणी येते, बुबुळ येतं, कुंचला पांढऱ्यात बुडतो. मग भाचीचा फोन येतो, "दिसला का गो मावशी?" वहीतली बाकीची सगळी कामं मी खोडली आहेत. ठिपका बघायचा राहिला आहे.