गाऱ्हाणं अर्धं राहिलं

मालवणजवळच्या आमच्या गावात जत्रेला देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. गावाचं मागणं एकाने मोठ्याने देवाला सांगायचं आणि दर वाक्याला गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. वडलांमागून ते माझ्याकडे आलं. आवाज खणखणीत होता. गर्वही होता, खोटं कशाला बोलू?

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मुंबईच्या चाकरमान्यांना सुखी ठेव म्हणालो आणि पुढचा शब्दच येईना. उजव्या हातातला नारळ सुटून गडगडत गेला. डोक्यात वाक्य लख्ख होतं, पण जीभ मेली ऐकेना! तोंडातून नुसतं ‘ब ब ब’, सदऱ्यावर लाळ. सवयीने लोक त्यालाही ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले.

मग कुणीतरी पुटपुटलं, “देवान वाचा काढून घेतल्यान.” चुलत घरातले भाऊबंद पुढे सरकले. देवाने वाचा घेतली की मान त्या घरात राहत नाही, हे शेंबडं पोरही जाणत होतं.

तेवढ्यात माझी बायको बायकांतून ओरडली, “काय एक झाला नाय! पिऊन इलेत हे!”

मी? उभ्या जन्मात दारूला शिवलो नव्हतो! पण सांगू कसा? दारूबंदीचे दिवस होते, तरी अर्धं गाव प्यायचं. दारुड्याला गाव हसतं, शिव्या घालतं आणि सोडून देतं.

घरी पोचेपर्यंत वाचा परत आली. पहिली शिवी बायकोलाच घातली. ती एवढंच म्हणाली, “मान घरात रवलो मां?”

मालवणच्या डॉक्टरांनी नळी माझ्या मानेला लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, “डावीकडची शीर आतून चरबी साचून अरुंद झालीय. पण मेंदूला रक्त चार वाटांनी जातं, आणि त्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात. एक कमी पडली की दुसऱ्या पुरवतात, म्हणून वाचलात. दरवेळी तसं होईलच असं नाही.” भातशेतीच्या एका कुणग्याचा, म्हणजे वाफ्याचा, पाट तुंबला की शेजारच्या कुणग्याचा बांध फोडून पाणी घेतो, तसंच हे. मला कळलं.

घरी आल्यावर म्हटलं, आता गावाला खरं सांगतो. बायको म्हणाली, “शीर देवानच आवळल्यान, म्हणतले.” तिचं बरोबर होतं. मी गप्प बसलो. वर्षभर बाजारात लोक डोळे मिचकावायचे. बारा वर्षांची माझी मुलगी शाळेतून रडत आली, तिलाही खरं सांगितलं नाही. पोर कुठेतरी बोलून गेली असती तर? लाजेने जेवण जाईना.

पुढल्या जत्रेला नारळ हातात घेतला, तर गावातला सगळ्यांत म्हातारा मानकरी आडवा आला. “जरा हा कर बघया.”

भर देवळात, गावासमोर, त्याने माझ्या तोंडाला नाक लावलं. बायको खाली बघत होती. मी तोंड उघडलं आणि हा केलं.

“आज कोरडो आसा!” म्हातारा ओरडला. गाव खदखदून हसलं. माझी मुलगी तोंड फिरवून देवळाबाहेर निघून गेली.