फोटोपुरती पट्टी

"पाटी बाहेर ठेव. साहेबांना वास सहन होत नाही."

दवाखान्याच्या दारात शिपाई असं म्हणाला आणि मी सुकटीची पाटी पायरीवर ठेवली. निमूट. सोबत दादा होता, माझा सख्खा भाऊ. परवाची गोष्ट. श्रीवर्धनला मानसिक आरोग्याचं शिबिर होतं.

दादाच्या कानात आवाज येतात. गोळी चालू असली की तो बोटीवर जातो, जाळं ओढतो, माणसांत असतो. आधी दर महिन्याला इथंच डॉक्टर यायचे, गोळ्या द्यायचे. मग वरून खर्चाला कात्री लागली. डॉक्टर बंद, गोळ्या बंद. म्हणे अलिबागला जा. एकदा नेलं. कानात आवाज घेऊन अर्धा दिवस एसटीत बसायचं! अर्ध्या वाटेत उतरून पळाला. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना.

आता नारळी पौर्णिमा तोंडावर आली आहे, बोटी सुटतील. दादाच्या तांडेलानं, बोटीच्या म्होरक्यानं, साफ सांगितलंय, "गोळी चालू न्हाय, तर बोटीवर न्हाय."

शिबिरात आरोग्य खात्याच्या साहेबांनी दादाच्या हातात गोळ्यांची पट्टी दिली. त्याचीच गोळी. मागे हा मोठा बॅनर. "हसा जरा," फोटोवाला म्हणाला. दादा हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

फोटो झाला आणि सिस्टरनं हात पुढे केला. "द्या परत. उद्या दिघीच्या शिबिरात फोटोला लागंल."

"आनि गोळ्या?"

"गोळ्यांचे पैसे आले न्हायत, ताई. बॅनरचे आलेत." बिचारीनं मान खाली घातली. तीही कंत्राटावरच.

साहेब वैतागले. "तुम्हा लोकांना सगळं फुकट पाहिजे."

दादानं पट्टी पुढे केली. निमूट. मी पाटी ठेवली होती, अगदी तशीच. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी पट्टी ओढून घेतली आणि कमरेला खोचली.

"दिघीलाबी ही कुनाच्या पोटात जानार न्हाय. माज्या भावाची गोळी हाय. देनार न्हाय."

पायरीवरची पाटी उचलली आणि दादाला घेऊन निघाले.

पट्टीत दहा गोळ्या होत्या. दहा दिवस. अकराव्या दिवशी मी साहेबाच्या कचेरीत जाणार, त्याच्या टेबलासमोर बसणार. दादाची गोळी दर महिन्याला इथं सुरू होईपर्यंत उठणार नाही. सुकटीची पाटी सोबत असेल. आणि ती बाहेर ठेवणार नाही.