कपाटातली लाल मोटार

आमच्या बालवाडीच्या बाई कडक होत्या, पण त्यांना मनाने वाईट म्हटलं तर माझी जीभ झडेल. एकवीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली मदतनीस होते. नाकं पुसायची, चड्ड्या बदलायच्या आणि दर शनिवारी कपाटातली खेळणी पुसून जागच्या जागी ठेवायची, हे माझं काम. लाल मोटार, लाकडी ठोकळे, टाळ्या वाजवणारं माकड. सगळी सरकारी, यादीत नोंदलेली. पहिल्याच वर्षी एक बाहुली तुटली आणि तपासणीच्या साहेबांनी बाईंना चारचौघांत फैलावर घेतलं. तेव्हापासून कपाटाला कुलूप लागलं ते लागलंच. किल्ली बाईंच्या कमरेला. पोरं काचेतून बघायची. बाईंनी "हाताची घडी!" म्हटलं की चिडीचूप.

खासगी शाळेची पिवळी गाडी गल्लीत यायला लागली आणि आमचा पट घसरला. चाळीसची चौदा झाली. मग कचेरीतून कागद आला: महिनाअखेर पंधरा मुलं नसतील तर बालवाडी बंद, मुलांनी हमरस्त्यापलीकडच्या शाळेत जावं. सोपं आहे म्हणायला! त्या रस्त्यावर दिवसभर ट्रक धावतात आणि या पोरांच्या आया सकाळी सातलाच कामावर जातात. पोरं घरीच कोंडली जाणार, हे बाईंनाही कळत होतं आणि मलाही.

एक मूल हवं होतं. शिंपिणीची लेक नुकतीच तीन वर्षांची झाली होती. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. शिंपीण आमच्याच हाताखालून गेलेली. तिने मशीन थांबवलं, खुर्ची पुसून दिली, चहा टाकला.

बाईंनी कधी कुणापुढे पदर पसरला नव्हता. त्या दिवशी म्हणाल्या, "एवढी पोरगी पाठव गं आमच्याकडे. चौदा लेकरांचा प्रश्न आहे."

शिंपीण दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बाई, ती लाल मोटार अजून कपाटातच आहे?"

"आहे की! एक ओरखडा नाही तिच्यावर," बाई कौतुकाने म्हणाल्या.

"दोन वर्षं बघत होते मी ती. आज देतील, उद्या देतील." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "माझ्या पोरीला नाही तसं बसवायचं मला. चहा घ्या."

परतताना बाई कमरेची किल्ली चाचपत चालल्या होत्या. मला माझाच राग येत होता. दर शनिवारी ती मोटार माझ्या हातात असायची. एकदा तरी जमिनीवर ठेवली असती, तर माझं काय बिघडलं असतं?

शेवटच्या दिवशी बाईंनी कपाट उघडलं. सगळी खेळणी सतरंजीवर मांडली, मोटार पुढे सरकवली.

"घ्या रे. खेळा."

चौदाही पोरं हाताची घडी घालून बाईंच्या तोंडाकडे बघत बसली.

"अरे, घ्या ना," बाई म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं, तरी कुणी जागचं हललं नाही.