वग्दीची यादी

मन्सूरा शहरातल्या आमच्या पेन्शन कचेरीत कॉम्प्युटर नव्वद आणि वग्दी एक. कुणाला साधा कॅल्क्युलेटर जरी मशीनवर घालायचा असला, तरी तळघरातून त्याला बोलवावं लागे. तो जिने चढून येई, पाठीने कीबोर्ड झाकून पासवर्ड मारी आणि निघून जाई. इंजिनियरची पदवी नसली तरी सगळे त्याला बाशमुहंदिस म्हणत, थोडं मानाने, थोडं टिंगलीने.

"बाशमुहंदिस, स्क्रीनवर माशी बसलीय. उठवायची परवानगी आहे?"

"अर्ज करा," तो म्हणे.

हा कडकपणा सहा वर्षांपूर्वीचा. आई वारली तेव्हा तीन दिवस तो पासवर्ड कागदावर लिहून ठेवून गेला होता. कुणीतरी पत्त्यांचा खेळ घातला, आणि खेळाबरोबर आलेल्या व्हायरसने दोन मजल्यांच्या फायली गिळल्या. पेन्शन अडकलेल्या विधवा चार महिने आमच्या जिन्यावर बसून होत्या. चौकशी झाली, तर नोंदीत एकच नाव: मसऊल. पूर्ण हक्क असलेल्या माणसाला अरबी मशीन हेच म्हणतं, आणि त्या शब्दाचा अर्थच 'ज्याला जाब विचारायचा तो'. पासवर्ड वग्दीचा, म्हणून जाब वग्दीला. त्याची बढती गेली. खेळ कुणी घातला, हे त्याने कधी विचारलं नाही. पासवर्ड मात्र पुन्हा कुणाला दिला नाही.

तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळायच्या मदाम अवातिफ. वय सत्तावन्न, आणि डोळे हळूहळू विझत चाललेले. स्क्रीन वाचून दाखवणारा बोलका प्रोग्राम त्या अंधांच्या संस्थेत जाऊन शिकल्या होत्या. पण मुदीर, म्हणजे कचेरीचे प्रमुख, हिल्मी साहेबांनी वैद्यकीय समिती बोलावली. गुरुवारी कुणाच्याही मदतीशिवाय काम करून दाखवायचं, नाहीतर घरी.

अवातिफबाई वग्दीला म्हणाल्या, "मला पासवर्ड दे."

"पासवर्ड सोडून काहीही मागा, मदाम."

"मग तुझे डोळे दे. इथे दर महिन्याला टेबल बदलतात. दर वेळी नवं मशीन, दर वेळी मुकं, दर वेळी माझी हाक, वग्दीऽ. समिती काय लिहील? बाई चालते, पण वग्दीच्या खांद्यावर हात ठेवून."

तो तळघरात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच वर आला.

"एक यादी केलीय. यादीत जे असेल ते तुम्ही कुठल्याही मशीनवर स्वतः घालू शकाल, तुमच्याच नावाने. माझा पासवर्ड लागणार नाही. यादीबाहेरचं काही केल्या बसणार नाही."

"आणि नोंदीत नाव कुणाचं?"

"तुमचं."

"म्हणजे मीही मसऊल?"

"एका प्रोग्रामापुरत्या."

"चला, निवृत्तीच्या आधी बढती झाली," त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

गुरुवारी समितीतल्या डॉक्टरांनी मुद्दामच त्यांना परक्या टेबलावर बसवलं. अवातिफबाईंची बोटं पाठ केलेल्या वाटेने चालली. प्रोग्राम बसला आणि बोललाही, पण इंग्रजीत. समोर अरबी पत्र उघडलं, तशी त्याची वाचा बसली. अरबी आवाज वेगळा घालावा लागतो, आणि तो यादीत नव्हता. वग्दीने चाचणी घेतली होती ती स्वतःच्या मशीनवर, जिथे तो आवाज कधीचाच होता. आता मशीन मसऊलचा पासवर्ड मागत होतं.

वग्दी दारात उभा होता. हिल्मी साहेब म्हणाले, "बघत काय राहिलास? ये, पासवर्ड मार, मोकळा हो."

"नको," अवातिफबाई म्हणाल्या. "त्याने हात लावला की मी गेले."

"नाही लावत," वग्दी म्हणाला. "त्यांनी करायचं ते बरोबर केलंय. चूक यादीत आहे आणि यादी माझी. तसं लिहून घ्या."

समितीतल्या कायदे अधिकाऱ्याने पेन थांबवलं. "लिहिलं तर ठपका येईल. आधीचा एक आहेच तुमच्यावर."

"ठाऊक आहे. लिहा. आणि मला दहा मिनिटं द्या."

तो तळघरात गेला. अवातिफबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अंगठा तेवढा हलत होता, जपमाळ ओढावी तसा. मग टेबलावरचा फोन वाजला. मीच उचलला.

"यादीत एक ओळ वाढवलीय," वग्दी म्हणाला. "त्यांना म्हणावं, पुन्हा करा. तू हात लावू नकोस."

त्यांनी पुन्हा केलं. एक कोरडा पुरुषी आवाज तलखा गावच्या एका विधवेचा अर्ज वाचू लागला. अवातिफबाईंनी तारीख टाकली, आवक क्रमांक दिला, अर्ज कोणत्या विभागाकडे जाणार ते लिहिलं. डॉक्टरांनी आणखी चार पत्रं दिली, तीही झाली. समितीने लिहिलं: कामावर ठेवण्यास हरकत नाही.

पंधरा दिवसांनी त्यांच्या आवकेत एक पत्र आलं. हेडफोन लावून ऐकता ऐकता त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. क्रमांक टाकला आणि वग्दीला बोलावलं.

"सही कर."

"कशावर?"

"ठपका आहे तुझा. स्वतः वाचतोस, की ऐकतोस?"

तो स्टूल ओढून बसला. हेडफोनची एक बाजू त्यांनी त्याच्या कानाला दिली, दुसरी स्वतःच्या. दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्याने सही केली.

"आवाज तुटत नाही ना मध्ये?" त्याने विचारलं.

"नाही. चांगला येतो."