अंगठ्यावरची पांढरी भुकटी

आज सकाळी ओट्यावर मेलेला पतंग उचलला आणि त्याच्या पंखांची भुकटी अंगठ्याला लागली. लगेच मोताळ्याजवळचा शांतामावशींचा मका आठवला.

तेव्हा मी दोन दिवसांचं कीड-प्रशिक्षण घेऊन आलो होतो, म्हणजे गावाच्या लेखी जवळपास शास्त्रज्ञच! मावशींच्या शेतातल्या सापळ्यातले पतंग मी वर्तमानपत्रावर मांडले, जादूगारासारख्या बाह्या सरसावल्या आणि जाहीर केलं, "हे सोयाबीनवरच्या जुन्या अळीचे पतंग. मक्याले भेव नाही. फवारू नका!"

मावशी वाकून म्हणाल्या, "भाऊ, याच्या पंखाच्या टोकाले पांढरा डाग हाय. जुन्या पतंगाले नसते. ते मक्यावरची नवी लष्करी अळी तं नसन?"

"डाग तुमच्या चष्म्याले असन, मावशी!"

भोवती जमलेले गावकरी खो खो हसले. ते हसू टिकवायला मी पतंग चिमटीत धरून त्याच्या पंखावरून अंगठा फिरवला. "पाहा बरं, कुठं हाय डाग?"

डाग खरंच नव्हता. तो माझ्या अंगठ्यावर आला होता. मला दिसला, आणि मी तो गुपचूप पँटीला पुसला.

मावशींनी तयार ठेवलेला फवारणीचा पंप परत खुंटीला टांगला. पंधरा दिवसांत अळ्यांनी मक्याचे पोंगे, म्हणजे मधली कोवळी पानं, कुरतडून भुसा केला. चार शिव्या ऐकायच्या तयारीनं मी गेलो, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मले दिसला होता वो भाऊ. पण तुमी दाखवलं तं नव्हता."

मी अंगठा मुठीत दडवला.