दुधात भिजवलेली दशमी

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात आमच्या गावच्या विहिरी एकामागून एक आटल्या. गाव नांदेडच्या हद्दीला टेकलेले. नव्या जिल्ह्याचा टँकर आमच्यापर्यंत पोचेतो रिकामा होई. पाणी उरले ते बौद्धवाड्याच्या विहिरीत. सारे गाव तिथे घागरी लावू लागले. आमच्या घरात तेच पाणी आले आणि थोरल्या आत्याने पाणी सोडले.

आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. सोवळे हाच तिचा संसार. पाण्यात पीठ भिजवून केलेली भाकरी ओवळी होते, दुधात भिजवून केलेली दशमी होत नाही, हा तिचा नियम. पूर्वी तो प्रवासापुरता असे. आता ती दशमीवरच जगू लागली. तहान लागली की दूधच घोटभर घेई.

पहाटे गोठ्यात पितळी चरवीत धार वाजे. आत्या अंथरुणात बसून ती ऐके. आवाज आधी भरदार होता, मग बारीक झाला, मग नुसता थेंबांचा. तिचे ओठ भेगाळले. जवळ गेले की तिच्या श्वासाला तापल्या तव्याचा वास येई.

वडिलांचा धर्मशास्त्राचा व्यासंग होता. त्यांनी पोथीचे फडके सोडले. जुन्या कागदाचा आणि कापराचा दर्प खोलीत पसरला.

"अक्का, आपत्काळात जीव राखायला कुणाचंही अन्नपाणी चालतं. ऋषींनीसुद्धा घेतलंय. हे बघ."

"जीव जायला आलाय हे ठरवायचं कुणी? तू?"

"आणि गाय कुठलं पाणी पिते?"

"गाईचं पोट म्हणजे तुझी घागर नव्हे."

आईने वाद घातला नाही. ती मला घेऊन विहिरीवर गेली. घागर उचलून देताना तिथली एक बाई म्हणाली, "आत्याबाई आजून दुधावरच हायत का? आमचं पाणी लई गोड हाय म्हणावं."

"सांगून ऐकणाऱ्या असत्या तर काय हवं होतं!"

"मग सांगूच नका की," ती हसली.

त्या दिवसापासून आई दुधात विहिरीचे पाणी मिसळू लागली. दूध निळसर दिसे. आत्या पेला उजेडाकडे धरी, क्षणभर बघे, आणि पिऊन टाकी.

एका पहाटे चरवी वाजलीच नाही. आईने आदल्या दिवशीच्या उरल्यासुरल्या दुधाने पाणी पांढरे केले, त्यात पीठ भिजवले. दशमी पानात पडली. आत्याने तुकडा मोडला, हुंगला.

"वहिनी, गाय आटली ना?"

आई पिठाचे हात घेऊन उभी राहिली. आत्या वडिलांकडे वळली.

"ओवळं झालेलं डोळ्यांना दिसलंच नसेल, तर? काय लिहिलंय त्यात?"

वडिलांना पोथी उघडावी लागली नाही. "दोष दिसला नाही, तर ते शुद्ध."

"मग मला कुणी काही सांगू नका," ती म्हणाली, आणि घास सावकाश चावत राहिली. पेलाही तिने रिकामा केला.

आईने चरवी उपडी करून पाहिली. तळाशी पाणी पांढरे करण्यापुरताही थेंब नव्हता. अंगणात ऊन चढत होते. उद्या आत्यापुढे ठेवायचे पाणी पाण्यासारखेच दिसणार होते.